अँजिओप्लास्टीनंतर बाबांचा थायरॉइड बिघडला. डायमुळे असं होतं का?

वाळवंटीकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबण लागेल.

बाबा ७१ वर्षांचे. आम्ही गोव्यातल्या साखळीच्या बाजूचे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दहा दिवस आधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफी झाली (रक्तवाहिन्यांत डाय, म्हणजे त्या क्ष-किरणात दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडून बघतात ती) आणि त्याच बैठकीत एक स्टेंट बसला. माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायला बाबा घरी होते, अर्थात खुर्चीत बसून सूचना देण्यापुरते. डॉक्टरांनी वजन पाच किलो उतरवायला सांगितलं होतं. दोन महिन्यांत ७४ चं ६७ झालं! कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट तर फ्रेम करून लावावा असा. आईने सगळं श्रेय सकाळच्या पेजेला आणि बिनतेलाच्या भाज्यांना दिलं, आम्हीही दिलं.

पहिली शंका आली ती पखवाजामुळे. बाबा चाळीस वर्षं भजनात वाजवतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी मंडळाची तालीम होती. गाणारा ठाय (संथ) लयीत, आणि बाबांचा ठेका चढत चाललेला. झांजवाला दोनदा थांबला, तिसऱ्यांदा त्याने हातच जोडले. घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "हात ऐकत नाही." मग माझंही लक्ष जायला लागलं. चहाची बशी त्यांच्या हातात किणकिणते. रात्री आम्ही सगळे गोधडीत आणि यांचा पंखा पाचवर.

हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाडी ८४, ईसीजी ठीक. वय झालं, टेन्शन घेतात, म्हणून झोपेची गोळी मिळाली. शेवटी आमच्या गावच्या डॉक्टरांनी थायरॉइड करायला लावला. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूचा हुकूम, थायरॉइड जोरात चालला की हा पडतो, मंदावला की चढतो) ०.०१, फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) चांगलाच वाढलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अँजिओ कधी केली होती?"

आता माझे प्रश्न. डायमुळे खरंच असं होतं? कुणाच्या घरी झालंय? आणि इस्पितळात सही केलेल्या कागदावर किडनी होती, अॅलर्जी होती, थायरॉइड हा शब्दच नव्हता, तो का नसावा? (इस्पितळाचं नाव लिहीत नाही, विचारू नका.)

पेडण्याची_मिरची
बाबांना आराम पडो. पण पखवाजावरून निदान झालेला हा पहिलाच पेशंट असेल.

गूळपोहे
डायमध्ये आयोडीन असतं हे खरं. पण आपण गोंयकार जन्मभर बांगडे, तिसऱ्या, सुंगटं खातो, त्यातही आयोडीनच की. मग आपले सगळ्यांचे थायरॉइड बिघडायला हवे होते. मला नाही पटत. वयाने झालं असेल, योगायोग.

निवृत्त_मास्तर
गूळपोहे, गणिताचा मास्तर होतो, म्हणून आकडा मांडून बघितला. माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. पुतण्या रेडिओलॉजीत तंत्रज्ञ आहे, तो सांगतो की डायच्या दर मिलिलिटरमध्ये ३०० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मधला ३५० धरू. अँजिओप्लास्टीला १०० मिली गेलं धरलं (पुष्कळदा जास्तच जातं), तर झाले ३५ ग्रॅम. भागिले १५० मायक्रोग्रॅम.

उत्तर २,३३,३३३ दिवस. म्हणजे सुमारे ६३९ वर्षांचा कोटा अर्ध्या तासात. पोर्तुगीज यायच्या आधीपासून आजपर्यंतचं सगळं नुस्तें (मासळी) एका सिरिंजमध्ये.

गूळपोहे
मास्तर, दंडवत. पण मग प्रत्येकाचाच का बिघडत नाही?

खाजन
फिजिशियन आहे, तीस वर्षं झाली. इथे सहसा पावसाच्या आणि शेतीच्या धाग्यांवर असतो, पण याला लिहायलाच हवं.

मास्तरांचा भागाकार बरोबर आहे, फक्त ते ३५ ग्रॅम थायरॉइडच्या हाती लागत नाहीत. डायमध्ये आयोडीन घालतात कारण त्याचा अणू जड असतो, क्ष-किरण अडवतो, म्हणून रक्तवाहिनी पडद्यावर काळी उमटते. ते आयोडीन मोठ्या रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि किडनी ठीक असेल तर बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे जातं. सुटं आयोडाइड असतं थोडंच, काही मिलिग्रॅम. पण मायक्रोग्रॅमवर चालणाऱ्या ग्रंथीला मिलिग्रॅमसुद्धा पूरच.

आता पूर आला की निरोगी थायरॉइड काय करते? मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार लावून घेते. मी हे टोपणनाव उगाच घेतलेलं नाही, खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत भरतीचं पाणी आत शिरायला लागलं की मानशीची फळी आपोआप मिटते, तसंच. आयोडीन अति झालं की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. वोल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्यांचंच नाव. दोनचार दिवसांत ओहोटी लागते, दार उघडतं, काम पुन्हा सुरू. म्हणूनच बहुतेकांना काहीही होत नाही.

गडबड होते ती दार बिघडलेलं असेल तर. एक प्रकार, दार मिटतं ते उघडतच नाही. ज्यांना हाशिमोटो आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठलंय, त्यांच्यात असं होतं, थायरॉइड मंदावतो. दुसरा प्रकार उलटा. ग्रंथीत जुन्या गाठी असतात, त्या मेंदूचं ऐकत नाहीत, स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवतात. त्यांना इतके दिवस कच्चा माल कमी पडत होता, तो एकदम ट्रकभर आला. याला जोड-बेसडो म्हणतात. जोड हा कुणी माणूस नव्हे, जर्मनमध्ये आयोडीनला योड म्हणतात, आपण त्याचा जोड केला. बेसडो मात्र जर्मन डॉक्टर, १८४० च्या सुमाराचे.

हा दुसरा प्रकार साधारण दोन ते बारा आठवड्यांत दिसतो. चवथ ते त्रिपुरी पौर्णिमा मोजा.

वाळवंटीकाठ ताई, दोन गोष्टी सांगा. बाबांच्या गळ्यावर जुनी गाठ आहे का? आणि डिस्चार्ज कार्डावर अमिओडारोन नावाची गोळी आहे का?

वाळवंटीकाठ
खाजन सर, देव बरें करूं. कार्ड बघितलं. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल. अमिओडारोन नाही. गाठ दिसत तरी नाही, आईला विचारते.

निसर्गमित्र_फोंडा
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, अँजिओ करूच नका. रक्तवाहिन्या लसणीने आणि लिंबाने साफ होतात. ही रसायनं शरीरात सोडायची आणि मग दुसऱ्या रसायनांनी निस्तरायची. ताई, त्या चारही गोळ्या बंद करून बघा, थरथर आपोआप थांबेल.

खाजन
निसर्गमित्र, हा सल्ला जीवघेणा आहे. सौम्य शब्द सापडत नाही. नवा स्टेंट असताना अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मनाने बंद केलं तर तो स्टेंट गुठळी होऊन बंद पडू शकतो. ताई, एकही गोळी स्वतःहून थांबवायची नाही.

संपादक मंडळ
औषध बंद करण्याचे सल्ले या धाग्यावर चालणार नाहीत. प्रतिसाद ठेवला आहे तो खालच्या उत्तरासाठी. लसणीचा धागा पाककृती विभागात आहे.

सोलकढी
अॅटॅक आलेला असताना लिंबू कापत बसायचं? आमच्या भावोजींना रात्री दोन वाजता बांबोळीच्या इस्पितळात नेलं, डाय घालून ब्लॉक शोधला म्हणून आज शिवोलीला व्हॉलीबॉल खेळतायत.

मांडवीपार
माझ्या मावशीचं उलट झालं होतं, खाजन सरांनी सांगितलेला पहिला प्रकार. तिची अँजिओ नव्हती, पोटाचा सीटी स्कॅन होता, पण डाय तोच. महिन्याभराने सुजलेला चेहरा, दिवसभर झोप, आणि मे महिन्यात अंगावर शाल. सगळ्यांना वाटलं मन खचलंय, कारण काका नुकते गेले होते. टीएसएच १४ निघाला. अँटिबॉडी तपासल्या तर भरमसाट, म्हणजे हाशिमोटो आत होताच, कुणाला माहीत नव्हता. डॉक्टरांनी लगेच गोळी न देता सहा आठवड्यांनी परत बघू म्हटलं. पुढच्या वेळी ७, नंतर ४ च्या खाली. गोळी लागलीच नाही.

तिसऱ्या
विषय निघालाच आहे तर, मला कोळंबीची अॅलर्जी आहे. (हो, माझं टोपणनाव तिसऱ्या आहे. तिसऱ्या चालतात, सुंगटं नाही.) सीटीच्या आधी नर्सने विचारलं, मासळीची अॅलर्जी आहे का, आणि हो म्हटल्यावर स्कॅनच पुढे ढकलला. आयोडीनची अॅलर्जी म्हणे. मग मी मीठ कसं खाते?

खाजन
जुना गैरसमज आहे, जाता जात नाही. कोळंबीची अॅलर्जी तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते. आयोडीन हा साधा अणू, त्याची अशी अॅलर्जी नसते. डायची रिअॅक्शन येते कधीकधी, ती डायच्या अख्ख्या रेणूची. म्हणून विचारायचं ते हे, की पूर्वी डाय दिल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास कोंडला होता का. आणि अॅलर्जीचा नि आजच्या विषयाचा संबंध नाही. थायरॉइड बिघडणं म्हणजे अॅलर्जी नव्हे.

पेडण्याची_मिरची
मीठ म्हटल्यावर राहवत नाही. आमच्या आगरवाड्याचं जाडं मीठ, करड्या रंगाचं, त्यात खारवलेल्या बांगड्याची सर पाकिटातल्या पांढऱ्या पावडरला नाही. त्यात आयोडीन असतं का हो?

निवृत्त_मास्तर
आगरातल्या मिठात नावापुरतं. पाकिटात घालावं लागतं. २००६ पासून देशभर खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचं असा नियम आहे, घरात पोचेपर्यंत किलोला निदान १५ मिलिग्रॅम उरायला हवं. म्हणजे १० ग्रॅम मिठात बरोबर १५० मायक्रोग्रॅम, दिवसाची गरज. हिशेब बघा कसा जमवलाय.

गूळपोहे
हृदयाचे डॉक्टर म्हणतात पाच ग्रॅमच्या वर मीठ नको. अर्धंच आयोडीन झालं.

निवृत्त_मास्तर
उरलेलं बांगड्यातून घ्या. तुम्हीच म्हणाला होता.

पेडण्याची_मिरची
खारे बांगडे आणि पाच ग्रॅम मीठ! मीठ उतारा आधी.

अनवाणी
खाजन सर, तुम्ही अमिओडारोन का विचारलंत? माझ्या सासऱ्यांना ही गोळी दोन वर्षं चालू आहे, ठोके अनियमित होतात म्हणून. वय ७८, म्हापसा. थायरॉइड कधी बघितल्याचं आठवत नाही. हल्ली मांड्या दुखतात, जिना चढवत नाही म्हणतात, ते कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे असेल असं सगळे म्हणाले.

खाजन
बरं झालं विचारलंत. त्या गोळीच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, त्यातलं रोज सहासात मिलिग्रॅम सुटं होतं. डाय एकदाच येऊन जातो, ही गोळी रोज थेंब थेंब भरती आणते, आणि बंद केली तरी कित्येक महिने चरबीत मुरून राहते. मंद आणि जलद, दोन्ही तऱ्हेने थायरॉइड बिघडवते. सुरू करण्यापूर्वी आणि मग दर सहा महिन्यांनी टीएसएच बघायचा असतो. गोळी चांगली आहे, काही जणांना तिला पर्याय नाही, तेव्हा बंद करू नका. उद्या सकाळी रक्त द्या. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं, स्नायू दुखतात, आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेणाऱ्याचे जास्तच.

आणि वाळवंटीकाठ ताई, यातच तुमच्या घरची गंमत आहे. थायरॉइड वाढला की वजन उतरतं, कोलेस्टेरॉल पडतं. हृदयाच्या पेशंटकडून आम्हाला हेच हवं असतं! त्यामुळे दोन महिने सगळे शाबासकी देत राहिले. नाडी पळायला हवी होती, ती मेटोप्रोलोलने धरून ठेवली, म्हणून ८४ दिसली. ती गोळी नसती तर ११० दिसली असती आणि कुणीही ओळखलं असतं. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांची चूक नाही असं म्हणत नाही, पण फसायला जागा होती.

वाळवंटीकाठ
आईला गाठीचं विचारलं. ती म्हणते, "ती तर लग्नाआधीपासूनची." मग तिने कपाटातून जुना फोटो काढला. काल्यातल्या भजनाचा आहे, बाबा मान मागे टाकून वाजवतायत, आणि गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढा उंचवटा चक्क दिसतोय. आजीलाही होता म्हणे. बाबा शर्टाचं वरचं बटण कायम लावतात, मला वाटायचं शिस्त.

इस्पितळात कुणी गळा बघितला नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं आणि आईला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही.

सोलकढी
वरच्या बटणाचं वाचून मी आत्ता उठून आमच्या बाबांचा गळा बघून आले. ते म्हणाले, काय जालें गो तुका?

शाबूद्दीन_नव्हे_शाबू
मग प्रत्येकाचा अँजिओच्या आधी टीएसएच का करत नाहीत? दोनतीनशे रुपयांची टेस्ट आहे. लाखाचं पॅकेज घेता ना?

खाजन
छातीत दुखतंय, ईसीजी वर चढलाय, तेव्हा मिनिटं मोजायची असतात. रिपोर्टची वाट बघत बसलो तर स्नायू मरतो. आणि रिपोर्ट वाईट आला तरी अॅटॅकमध्ये अँजिओ करावीच लागते. ठरवून केलेली अँजिओ असेल तर गोष्ट वेगळी. युरोपातल्या थायरॉइड तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शन काढलंय, त्यांचंही म्हणणं की सरसकट सगळ्यांचं करू नका, ज्यांना गलगंड, गाठी, जुना थायरॉइडचा आजार आहे अशांचं बघा. मी माझ्या पेशंटना सांगतो, गळ्यावर गाठ असेल किंवा वय साठीच्या पुढे आणि घरात कुणाला थायरॉइड असेल, तर डायनंतर महिन्याभराने एकदा करा. आणि नाही केलं तरी, नंतरच्या तीन महिन्यांत वजन उतरलं, थरथर आली, झोप गेली, ठोके चुकले, किंवा उलट सुस्ती आली, थंडी वाजायला लागली, तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की डाय घेतला होता. हे एक वाक्य पुरतं.

अगदी लगेच, इस्पितळात असतानाच टीएसएच करण्यात अर्थ नाही. गंभीर आजारपणात तो तसाही खालीवर होतो, हेपॅरिनमुळे (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) फ्री टी-४ खोटा वाढलेला दिसतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही तपासणीआधी दोनतीन दिवस त्या थांबवाव्यात, काही मशीनवर टीएसएच खोटा कमी येतो.

मांडवीपार
शाबू, जे आधीच थायरॉक्सिन घेतात त्यांनी घाबरावं का? मी घेते, आणि पुढच्या महिन्यात सीटी आहे. (शाबूला नाही, सरांना विचारतेय.)

खाजन
तुम्हाला हार्मोन बाहेरूनच मिळतंय, ग्रंथीने दार लावलं काय नि उघडलं काय. नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटी घ्या, चहा अर्ध्या तासाने.

मांडवीपार
चहा अर्ध्या तासाने. पोदेर (पाववाला) दारात भोंगा वाजवतो तेव्हा हा नियम पाळून दाखवा.

बाळंतिणीची_खोली
मी बालरोग विभागात परिचारिका. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळांना कॅथेटर घालून तपासणी करतात, तेव्हा हाच डाय. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये सांगितलंय की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना डाय दिला तर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइडवर लक्ष ठेवा. नवजात, कमी वजनाची आणि हृदयाची बाळं जास्त जोखमीची. बाळाचा थायरॉइड मंदावला तर ते बोलून दाखवत नाही, आणि मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. मोठ्यांच्या थरथरीत हे विसरू नका.

गूळपोहे
योगायोगाचा शब्द मागे घेतो.

निसर्गमित्र_फोंडा
मी नाही घेत.

अनवाणी
सासऱ्यांचा रिपोर्ट. टीएसएच ३८. डॉक्टरांनी अमिओडारोन चालू ठेवून थायरॉक्सिन अगदी कमी मात्रेत सुरू केलंय, हृदयाचा पेशंट म्हणून हळूहळू वाढवणार. मी या धाग्यावर केवळ पखवाज हा शब्द बघून आले होते.

वाळवंटीकाठ
दीड महिन्याने येतेय, माफ करा. सोनोग्राफीत गाठी दिसल्या, ग्रेव्ह्जच्या (शरीरच थायरॉइडला डिवचून जोरात चालवतं त्या आजाराच्या) अँटिबॉडी नाहीत. ग्रंथी किती आयोडीन शोषते ते दाखवणारा स्कॅन डायनंतर एकदोन महिने फसवा येतो म्हणून आधी केला नव्हता, आता केला. गाठींनीच उचलल्याचं दिसलं. कार्बिमाझोल (थायरॉइडला आवर घालणारी गोळी) चालू आहे. सुरू करताना एक ताकीद दिली होती ती इथेही लिहिते: ताप किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. डिसेंबरात बाबांना घसादुखी झाली, पहाटे सहाला प्रयोगशाळेच्या दारात होतो. पेशी ठीक निघाल्या.

फ्री टी-४ आता मर्यादेत आलाय, टीएसएच अजून ०.०८, तो मागाहून येतो म्हणाले. वजन ६९. कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय, आई रुसलीय. बशी वाजत नाही.

काल एकादशीला बाबा भजनाला बसले. ठाय लय, पाऊण तास. मध्येच थांबून झांजवाल्याला म्हणाले, "अरे, तू पुढे पळतोयस."

पेडण्याची_मिरची
झांजवाल्याचा टीएसएच करून घ्या.